जामखेडची आरोग्यपेढी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेला जामखेड हा अवर्षणप्रवण तालुका इतिहासात दोन कारणांनी ओळखला जातो. याच तालुक्यातील चोंडी गावी १७२५ साली अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला, आणि याच तालुक्यातील खर्डा येथे १७९५ साली मराठे व निजाम यांच्यात मोठी लढाई झाली. सार्वजनिक आरोग्याचे देशोदेशीचे अभ्यासक मात्र जामखेडला तिसऱ्याच कारणाने ओळखतात. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने येथे ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रुरल हेल्थ प्रोजेक्ट’, म्हणजे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प, सुरू केला. या प्रकल्पाकडे बहुतेक वेळा सेवाभावाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. ते योग्यच आहे. तथापि सेवाभाव अनेक ठिकाणी असतो आणि यश मोजक्याच ठिकाणी मिळते. जामखेडचे वेगळेपण त्याच्या व्यवस्थापनात आहे. रुग्णालये, दवाखाने आणि धर्मादाय संस्था चालविणाऱ्यांनी आज त्याचा अभ्यास करावा, इतके ते ताजे आहे.

आरोग्यसेवेतील नेतृत्व म्हटले की सामान्यतः एक निष्णात डॉक्टर, त्याच्या हाताला असलेले यश आणि त्याच्या नावावर लागणारी रुग्णांची रांग असे चित्र डोळ्यांसमोर येते. आरोळे दांपत्याने नेतृत्वाचे माप बदलले. आपल्याजवळचे ज्ञान आणि निर्णयाचा अधिकार आपण किती खालच्या पायरीपर्यंत सुरक्षितपणे पोहोचवला, हे ते माप होते.

बरा झालेला रुग्ण परत का येतो?

रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ सालचा, अहमदनगर जिल्ह्यातलाच. मेबल मूळच्या जबलपूरच्या. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. मनात आणले असते तर मोठ्या शहरात उत्तम व्यवसाय करता आला असता. त्याऐवजी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात रुजू झाले. तेथे त्यांनी अहोरात्र काम केले. रुग्णालय गजबजलेले असे, शस्त्रक्रिया यशस्वी होत, लोक दुवा देत. कोणत्याही विश्वस्त मंडळाने वार्षिक अहवालात अभिमानाने छापावे असेच ते काम होते.

परंतु त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. हगवण, कुपोषण, बाळंतपणातील गुंतागुंत, क्षय यांसारख्या ज्या दुखण्यांनी माणसे रुग्णालयात येत होती, त्यांतील बहुतेक टाळता येण्यासारखी होती. बरे होऊन घरी गेलेले मूल काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येई, कारण घरचे पाणी तेच, अन्न तेच आणि समजुतीही त्याच. शिवाय रुग्णालयापर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांची नोंद कोणत्याही वहीत नव्हती.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर रुग्णालयाचा ताळेबंद फक्त आत आलेल्या रुग्णांचा होता. बाहेर राहिलेल्यांचे देणे त्यात दाखवलेलेच नव्हते. व्यवस्थापनातील पहिली अडचण बहुधा अशीच असते. संस्था स्वतःच्या कामाची मोजणी करते आणि त्या कामाचा परिणाम मोजायचे राहून जाते. किती रुग्ण तपासले, किती खाटा भरल्या, किती शस्त्रक्रिया झाल्या हे आकडे चढते असले की सर्वांना समाधान वाटते. परिसरातील माणसे कमी आजारी पडू लागली का, हा प्रश्न विचारला जात नाही. आणि विचारला तर त्याचे उत्तर उत्पन्नाच्या दृष्टीने गैरसोयीचे ठरू शकते.

हा प्रश्न मनात घेऊन दोघे अमेरिकेत गेले, तेथे पुढील वैद्यकीय प्रशिक्षण घेतले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. १९७० मध्ये मायदेशी परत येऊन त्यांनी जामखेड निवडले. तेथे पडून असलेल्या जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू झाले. आरंभी हाती घेतलेली गावे होती केवळ आठ.

आधी ऐकणे, मग योजना

आरोग्याची योजना घेऊन आलेल्या डॉक्टरांना गावकऱ्यांनी सांगितलेली गरज मात्र आरोग्याची नव्हती. लोकांना पाणी हवे होते, धान्य हवे होते, हाताला काम हवे होते. १९७२ च्या दुष्काळाने तर हा प्रश्न जीवनमरणाचा केला. अशा वेळी ‘आमचे क्षेत्र आरोग्याचे, पाण्याचे काम आमचे नव्हे’ असे म्हणून हात झटकणे सोपे होते. प्रकल्पाने तसे केले नाही. गावोगावी मुलांसाठी सामुदायिक भोजनाची सोय झाली, विंधन विहिरी घेण्यात आल्या.

या विहिरींच्या कामात एक दूरदृष्टीचा निर्णय होता. अनेक ठिकाणी विहीर दलित वस्तीत घेण्यात आली. गावातील इतरांना पाणी हवे असेल तर त्यांनी तेथे यावे, अशी ती योजना होती. तहानलेल्या माणसाने पंपाचा दांडा धरला की शिवाशिवीच्या कल्पनेला आपोआप तडा जातो. जातीभेदावर व्याख्यान देण्यापेक्षा हा मार्ग अधिक परिणामकारक ठरला. सामाजिक सुधारणेला व्यवहाराची जोड कशी द्यावी, याचा तो धडाच होता.

शेतकरी मंडळे स्थापन झाली. या मंडळांतील तरुणांनी शेती, पाणी, झाडे यांबरोबरच लहान मुलांची वजने घेण्यासारख्या कामातही हातभार लावला. पुढे महिला विकास मंडळे आली. एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. मूल कुपोषित आहे हे वजनकाट्यावर जेव्हा गावातील माणूस स्वतः वाचतो, तेव्हा ती डॉक्टरची तक्रार राहत नाही, ती गावाची चिंता होते. माहिती ज्याची, त्याच्याच हाती ती ठेवण्याने जबाबदारी निर्माण होते. पेढीवर ग्राहकाला त्याचे पासबुक दाखवावे लागते. गावाचे आरोग्य हेही गावाचेच खाते आहे.

चुकलेली नेमणूक आणि तिची दुरुस्ती

प्रकल्पाची प्रारंभीची रचना आजच्या कोणत्याही तज्ज्ञाला पटेल अशी होती. गावोगावी प्रशिक्षित सहायक परिचारिका नेमाव्यात, त्यांनी प्राथमिक उपचार आणि बाळंतपणे पाहावीत, डॉक्टरांनी अधूनमधून भेट द्यावी. कागदावर योजना निर्दोष होती. प्रत्यक्षात ती चालली नाही. परिचारिका तरुण होत्या, बहुधा अविवाहित होत्या, बाहेरगावच्या होत्या. एकट्या मुलीला अनोळखी गावात राहणे अवघड जाई, आणि चार मुलांच्या आईला बाळंतपणाचा सल्ला देणारी वीस-बावीस वर्षांची मुलगी गावातील बायकांना आपली वाटत नसे. पदवी होती, पण पत नव्हती.

अशा प्रसंगी अनेक संस्था माणसांना दोष देतात. परिचारिका कामचुकार आहेत, लोक अडाणी आहेत, असे म्हणून त्याच योजनेवर अधिक खर्च होतो आणि तपासणीचे दौरे वाढवले जातात. जामखेडमध्ये योजना बदलण्यात आली. गावानेच आपल्यातील एक बाई सुचवावी, असे ठरले. ती प्रौढ असावी, संसारी असावी, लोकांत मिसळणारी असावी आणि तिला शिकण्याची इच्छा असावी. शाळेत गेलेली असणे ही अट नव्हती. निवडल्या गेलेल्या बायकांपैकी अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. काहींच्या वाट्याला आयुष्यभर अवहेलनाच आली होती. या बाया ‘ग्राम आरोग्य सेविका’ झाल्या.

हा निर्णय आज वाचायला सोपा वाटतो. त्या काळी तो मोठ्या जोखमीचा होता. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीच्या हाती औषधे देणे, गरोदर स्त्रीची तपासणी तिच्यावर सोपवणे, याला वैद्यकीय व्यवसायाची सहज संमती मिळणे शक्यच नव्हते. बँकेत एखाद्याला मंजुरीचा अधिकार देताना जसा प्रश्न पडतो, तसाच येथेही होता. अधिकार दिला आणि चूक झाली तर जबाबदार कोण? आणि अधिकार दिलाच नाही तर प्रत्येक कागद मुख्य कार्यालयाकडे जाणार, तोवर ग्राहक निघून जाणार. गावाच्या बाबतीत तोवर मूल दगावणार.

अधिकार आणि आधार

या पेचातून वाट काढली ती प्रशिक्षणाच्या पद्धतीने. सेविकांना काही महिन्यांचा अभ्यासक्रम देऊन, प्रमाणपत्र हाती ठेवून मोकळे केले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत. एकत्र राहत, एकत्र जेवत. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीला बसणे हेच सुरुवातीला अवघड होते. ते जमल्यावर पुढचे शिकणे सोपे झाले. त्या आठवड्यात गावात काय घडले, कोण आजारी पडले, कोणते मूल दगावले आणि का, याची उघड चर्चा होई. प्रत्येकीची अडचण हाच सर्वांचा पाठ असे. पुस्तकाऐवजी गोष्टी, गाणी, चित्रे आणि प्रत्यक्ष रुग्ण यांच्या साहाय्याने ज्ञान दिले जाई. ऐकलेले लक्षात ठेवणे हे निरक्षर माणसाचे मोठे सामर्थ्य असते, आणि त्या सामर्थ्याचा पुरेपूर उपयोग करण्यात आला.

जोडीला फिरते पथक होते. परिचारिका, समाजसेवक आणि प्रसंगी डॉक्टर ठरलेल्या दिवशी गावात येत. तपासनीसाची वही घेऊन चुका शोधणारा तो दौरा नसे. सेविकेला न सुटलेला रुग्ण पाहणे, तिच्या शंका दूर करणे आणि तिच्या शब्दाला गावासमोर वजन देणे, हा त्यामागील हेतू होता. तिने पाठवलेल्या रुग्णाला रुग्णालयात नेमके उपचार मिळाले की गावात तिची पत वाढे. आपल्या पाठीशी रुग्णालय उभे आहे, हे सेविकेला ठाऊक असे. आपल्या पुढे सेविका उभी आहे, हे रुग्णालयाला ठाऊक असे.

या बायकांनी काय केले? साखर-मिठाचे पाणी वेळेवर पाजून हगवणीने सुकत चाललेली मुले वाचवली. स्वच्छ साहित्य वापरून सुखरूप बाळंतपणे केली आणि धोक्याची लक्षणे दिसताच बाईला रुग्णालयात पाठवले. लसीकरणासाठी घरोघर समजूत घातली. कुटुंबनियोजनाविषयी सासू-सुनांशी बोलल्या, जे काम बाहेरच्या पुरुष कर्मचाऱ्याला कधीच साधले नसते. अंगावरचे बधिर चट्टे ओळखून कुष्ठरोग लवकर उजेडात आणला, आणि कुष्ठरुग्ण गावाबाहेर फेकला जाणार नाही हे पाहिले. प्रकल्पाच्या कार्यशाळेत पुढे अपंगांसाठी जयपूर फूटही तयार होऊ लागले. हे सारे सुरू असताना जामखेडच्या रुग्णालयातील डॉक्टर ज्या कामासाठी खरोखर डॉक्टर लागतो, त्या कामासाठी मोकळे झाले. उच्च प्रशिक्षित माणसाचा वेळ हे आरोग्यसेवेतील सर्वांत महाग भांडवल आहे. ते खरूज-खोकल्यावर खर्ची पडू न देणे हे उत्तम व्यवस्थापन होय.

जामखेडच्या एका सेविकेने १९८८ साली अमेरिकेतील एका परिषदेत केलेल्या भाषणाची आठवण अजून सांगितली जाते. सभागृहातील दिमाखदार झुंबरांची आणि लहानशा दिव्याची तिने तुलना केली. झुंबर सुंदर खरे, पण ते सर्वांच्या आवाक्यातले नाही. साध्या दिव्यावर मात्र दुसरा दिवा लावता येतो, असा तिच्या सांगण्याचा आशय होता. आपले काम इतक्या नेमकेपणाने समजलेली कर्मचारी कोणत्याही संस्थेला भूषणच वाटेल.

आकडे काय सांगतात

परिणाम मोजल्याशिवाय कौतुक करणे हिशेबी माणसाला शोभत नाही. प्रकल्पाच्या क्षेत्रात १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. पाच वर्षांत, म्हणजे १९७६ पर्यंत, हे प्रमाण ५२ वर आले. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते वीसच्या घरात पोहोचले. त्या सुमारास संपूर्ण महाराष्ट्राचे प्रमाण पन्नासच्या आसपास होते. पावसाचा भरवसा नसलेल्या, गरीब, दुर्लक्षित तालुक्याने राज्याच्या सरासरीला मागे टाकले होते.

अर्थात या सुधारणेचे सारे श्रेय एकट्या औषधोपचाराला नाही. पाणी, अन्न, रस्ते, शिक्षण, शासनाच्या योजना आणि स्त्रियांचा वाढलेला आत्मविश्वास यांचा त्यात वाटा आहे. प्रकल्पाचे म्हणणेही नेमके तेच होते. आरोग्य ही एकट्या दवाखान्यात तयार होणारी वस्तू नाही.

जगाने याची दखल लवकर घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यप्रयोगांवरील ग्रंथात जामखेडला स्थान मिळाले. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये आल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला. त्यातील अनेक तत्त्वे जामखेडच्या वाड्यावस्त्यांत आधीच आचरणात आलेली होती. १९७९ मध्ये दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण. १९९४ मध्ये दोघांनी आपल्या अनुभवांचे पुस्तक लिहिले.

कल्पना तीच, व्यवस्थापन निराळे

एखादी चांगली कल्पना उचलली की यशही आपोआप मागे येते, असा समज असेल तर पुढील उदाहरण पाहावे. १९७७ च्या २ ऑक्टोबरला केंद्र शासनाने देशभर सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू केली. कल्पना तीच होती: गावातील माणूस, थोडे प्रशिक्षण, प्राथमिक उपचार. मासिक ५० रुपये मानधन ठरले. परंतु निवड झालेल्यांत पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते. घराच्या आत, बाळंतिणीच्या खोलीपर्यंत त्यांना प्रवेश नव्हता. निवडीत गावच्या राजकारणाने हात घातला. एकदाचे प्रशिक्षण संपल्यावर दर आठवड्याचा आधार नव्हता. काही वर्षांतच योजना निस्तेज झाली. बीज एकच, मशागत न झाल्याने पीक आले नाही.

महाराष्ट्रातच या तत्त्वाची दुसरी कसोटी गडचिरोलीत लागली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात अर्भकांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकवले. त्याचे काटेकोर मोजमाप केलेले निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि नवजात मृत्यूंत मोठी घट झाल्याचे जगापुढे आले. गावची स्त्री, सततचे प्रशिक्षण, चोख देखरेख आणि परिणामांची मोजणी या चार गोष्टी एकत्र आल्या तर जामखेडबाहेरही यश मिळते, हे त्यातून सिद्ध झाले.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याबरोबर ‘आशा’ आल्या. आज देशात त्यांची संख्या सुमारे दहा लाख आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्यांचा गौरव केला. याच आशांना महाराष्ट्रात २०२१ आणि २०२३ मध्ये आपल्या मोबदल्यासाठी संपावर जावे लागले, हेही तितकेच खरे आहे. खालच्या पायरीवर जबाबदारी सोपवायची आणि सन्मान, मोबदला, निर्णयाचा अधिकार मात्र वरच्या पायऱ्यांवर ठेवायचा, याला विकेंद्रीकरण म्हणत नाहीत; ती ओझ्याची वाटणी झाली. आशा घरोघर फिरून नोंदी भरते. त्या नोंदींवरून तिच्याशी बसून कोणी चर्चा करते का, की त्या केवळ वर पाठवल्या जातात? जामखेडच्या साप्ताहिक बैठकीचे महत्त्व येथे कळते.

आजच्या विश्वस्तांसाठी

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे रुग्णालये, रक्तपेढ्या, निदान केंद्रे आणि फिरते दवाखाने यांच्या विश्वस्त मंडळांवर काम करीत आहेत. दान देण्याची परंपरा मोठी आहे. पण दानापेक्षा व्यवस्थापन अवघड असते, हे अनुभवी विश्वस्त मान्य करतील. आजच्या अडचणी जामखेडच्या १९७० मधील अडचणींहून निराळ्या दिसतात. यंत्रे महाग झाली आहेत. विशेषज्ञ डॉक्टर मिळत नाहीत आणि मिळाले तर टिकत नाहीत. परिचारिका परदेशी जातात. विमा आणि शासकीय योजनांची देयके वेळेवर येत नाहीत. रुग्णाचे नातेवाईक संतापले तर डॉक्टरवर हात उगारला जातो.

या सर्वांच्या मुळाशी गेल्यास एक समान दोष आढळतो. सारी व्यवस्था एक-दोन माणसांभोवती उभी असते. ते डॉक्टर सुटीवर गेले की विभाग बंद. ते विश्वस्त आजारी पडले की धनादेशावर सही नाही. अनुभवी परिचारिकेला रुग्णाची अवस्था कळते, पण बोलण्याचा अधिकार नसतो. स्वागतकक्षातील मुलीला नातेवाइकांची घालमेल दिसते, पण त्यांना काय सांगावे हे तिला कोणी शिकवलेले नसते. जेथे माहिती आहे तेथे अधिकार नाही आणि जेथे अधिकार आहे तेथे माहिती पोहोचत नाही. या दरीतच रुग्णाचे हाल होतात, आणि अनेकदा त्याच दरीतून रागाचा उद्रेक होतो.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. नियम पाळला की कर्तव्य संपले, असे मानणारी संस्था कागद पूर्ण करते. परंतु त्या राखीव खाटेपर्यंत गरीब माणूस वेळेवर पोहोचतो का, त्याला ती आहे हे ठाऊक तरी आहे का, हे पाहण्यासाठी वस्तीत आपले कोणीतरी असावे लागते. जामखेडची सेविका नेमके तेच काम करीत असे. पाच गावांतील किंवा दोन वस्त्यांतील दहा स्त्रियांना रुग्णालयाने दर आठवड्याला बोलवावे, चहा द्यावा, शिकवावे, त्यांचे ऐकावे आणि योग्य मोबदला द्यावा, याला एका नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा अंशही लागणार नाही. मधुमेह आणि रक्तदाब आता खेड्यापाड्यांतही पोहोचले आहेत. हे आजार रुग्णालयात सापडतात तेव्हा बहुधा मूत्रपिंड किंवा हृदय दुखावलेले असते. घराच्या उंबऱ्यावर ते फार आधी आणि फार स्वस्तात सापडतात.

नेतृत्वाची शेवटची परीक्षा वारशाची असते. डॉ. मेबल १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २५ मे २०११ रोजी. संस्थापक गेल्यावर संस्था ओसरते, असा सर्वत्र अनुभव आहे. जामखेडचे काम पुढे सुरू राहिले. कन्या डॉ. शोभा आणि पुत्र रवी यांनी धुरा घेतली, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक मोलाचे. तोवर गावोगावच्या सेविका स्वतःच शिक्षिका झाल्या होत्या. नव्या सेविकांना त्या शिकवत, आणि देशोदेशींहून आलेल्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांनाही. ज्ञान अनेक घरांत ठेव म्हणून जमा झालेले असल्याने एखादा खातेदार गेला म्हणून पेढी बुडण्याचे कारण नव्हते.

विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत कार्यक्रमपत्रिकेवर नव्या इमारतीच्या आणि यंत्रखरेदीच्या विषयांबरोबर तीन साधे प्रश्नही असावेत. गेल्या वर्षात वरच्या माणसाकडून खालच्या माणसाकडे कोणता निर्णय सोपवला गेला? तो सोपवताना त्या माणसाला शिकवण्यासाठी कोणी, किती वेळ दिला? आणि आपल्या रुग्णालयापासून पाच किलोमीटरच्या आत राहूनही जो रुग्ण आपल्यापर्यंत पोहोचला नाही, त्याचे नाव संस्थेत कोणाला ठाऊक आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दप्तरात शोधता येतील. तिसऱ्याचे उत्तर मिळवण्यासाठी कोणाला तरी वस्तीत जावे लागेल, आणि बहुधा ते उत्तर तेथील एखाद्या बाईकडेच मिळेल.